आधी कसा होतो, हे तुम्हालाच ठाऊक

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "उपदेश होतात, भेटी होतात, पण तुझ्यात काय फरक पडला?" मी हसण्यावारी नेलं. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्याला कारणही होतं. गेल्या महिन्यात उपासनेनंतर मंडळीतल्या एका आजींनी माझा हात धरून म्हटलं, "पाळकसाहेब, हा उपदेश आधी झालाय. दाखलासुद्धा हाच होता." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्तच लागलं. जुनी वही काढून तेच बोललो होतो. वेळ मिळाला नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. खरं तर मी तो काढलाच नव्हता.

तेव्हापासून बायबलमधल्या पहिल्या तीमथ्याचा, म्हणजे इफिसची मंडळी सांभाळणाऱ्या तीमथ्याला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, चौथा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतोय. पंधराव्या वचनात पौल सांगतो, या गोष्टींत गढून जा, म्हणजे तुझी प्रगती सगळ्यांना दिसेल. प्रगती दिसायची, तर इफिसच्या मंडळीने तरुण तीमथ्याला कच्चा असतानाही पाहायला हवं. मी तर पहिल्या दिवसापासून पिकलेला दिसायला धडपडलो. इथल्या 'प्रगती'साठी मूळ ग्रीक शब्द आहे 'प्रोकोपे'. बारा वर्षांच्या येशूच्या प्रसंगानंतर तो ज्ञानाने वाढत गेला असं लूक लिहितो (२:५२), तिथे याच धातूचं क्रियापद आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या तीमथ्यात (३:१३) दुष्टपणात पुढे पुढे जाणाऱ्यांनाही पौल तेच क्रियापद लावतो. तसं पुढे जाणं मलाही जमतं!

बाबा, तुम्ही म्हणाल, दानधर्म उजव्या हाताने केला तर डाव्याला कळू नये, असं प्रभू सांगतो. मग दिसायची हौस कशाला? मीही तिथेच अडलो होतो. आता वाटतं, दार लावून केलेली प्रार्थना कुणी पाहू नये. पण दार उघडून बाहेर आलेला माणूस चिडका आहे की शांत, हे पहिल्या पाच मिनिटांत घरातल्यांना कळतं. सोळाव्या वचनातही आधी स्वतःकडे लक्ष दे म्हटलंय, शिक्षण त्यानंतर. मी बरीच वर्षं उलट्या क्रमाने चाललो.

सध्या रविवारचा शास्त्रपाठ सोमवारीच उघडतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ज्या घरांत जायचं टाळत होतो, तिथे आधी जातो. एका घरी माफी मागावी लागली. ते सविस्तर भेटल्यावर सांगेन.

तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. बाप ग्रीक होता एवढंच कळतं, त्याचं नाव नाही. बाबा, हिरमुसू नका. तुम्हाला एक काम देतो. समोरच्याचं बोलणं मी मध्येच तोडतो, ही तुमची जुनी तक्रार. या खेपेला याल तेव्हा दिवसभरात किती वेळा तोडतो ते मोजा, आणि रात्री आकडा मला सांगा. आईला आधी सांगू नका, ती कमी करून सांगेल.

तुमचा,
धाकटा