तळीराम ठाऊक, तो करणारा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर संपत आला की आपल्याही अंकात ‘तळीरामांना पोलिसांचा दणका’ असा मथळा हमखास येतो. हा शब्द दिला गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा नायक सुधाकर. तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देणारा. पण बोलीत रुळला तो तळीराम. दारुड्याला ‘सुधाकर’ म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

हा तळीराम रंगवणाऱ्यांपैकी एक जयंत सावरकर. मूळचे गुहागरचे, जुन्या पिढीतले नट मामा पेंडसे यांचे जावई. विंगेतली कामं आणि प्रॉम्प्टिंग करत करत रंगमंचावर आले आणि शंभराहून अधिक नाटकं केली. शिवाय चित्रपट, मालिका. २०१७ च्या उस्मानाबाद नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २४ जुलै २०२३ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या घरात पहिलं वाक्य निघालं, ‘अरे, मालिकेतले ते आजोबा गेले!’ नाव कळलं ते बातमी वाचून. बाळ कर्वे यांचंही तसंच. दूरदर्शनवर चि. वि. जोशींचा गुंड्याभाऊ केला आणि लोकांसाठी ते गुंड्याभाऊच होऊन बसले. नटाला ही पावतीच वाटत असेल, पण म्हणून आपण नाव विसरायचं का?

गेल्या महिन्यात एक नाटक पाहिलं. त्यात घरमालक झालेल्या गृहस्थांना दोनच प्रवेश. भाड्याची पावती लिहिताना पेनाचं टोपण दातांत धरून ते बोलत होते, तरी आम्हाला बाल्कनीत शब्द न् शब्द कळत होता. पावती टर्रकन फाडली, हशा पूर्ण विरू दिला आणि मगच पुढचं वाक्य टाकलं. जाहिरातीत दोन ठळक नावं आणि खाली ‘आणि इतर’. तिकीट खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, ‘ते होय? आम्ही त्यांना काकाच म्हणतो.’

पूर्वी काही प्रयोगांना पात्रपरिचयाचं पत्रक हातात पडायचं. तशी काही मी जुन्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. मालिकांची श्रेयनामावली तर वाचेपर्यंत पुढची जाहिरात सुरू होते.

जाहिरातीची जागा निर्मात्याने पैसे मोजून घेतलेली असते, तिथे माझं काही म्हणणं नाही. परीक्षणाची जागा मात्र आपली आहे. तिथे शेवटी ‘इतर कलाकारांची साथ उत्तम’ हे वाक्य छापण्याऐवजी कोणी कोणती भूमिका केली, एवढं द्यावं. फार तर दोन-तीन ओळी जास्त लागतील.

त्या घरमालकाचं नाव मला अजून मिळालेलं नाही. याच नाटकाचं परीक्षण आपल्याकडे आलं होतं. समीक्षकांना ते माहीत असल्यास कृपया कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक