‘साभार’ छापलं म्हणजे परवानगी मिळाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या आठवणींचं पुस्तक आम्ही चार निवृत्त मंडळी काढतोय. 160 पानं, 500 प्रती. आठवणी दीड वर्षात गोळा झाल्या. तीन कविता, नऊ फोटो आणि जुन्या दिवाळी अंकातला एक लेख यांच्या परवानग्या मागता मागता मात्र आणखी एक वर्ष सरलं, तरी काम उरलंच आहे.

छापखान्यातल्या पोराचा सल्ला सोपा होता. ‘खाली साभार टाका की गुरुजी, कोण विचारतंय?’ आपल्याकडच्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ बहुतेक या एका शब्दावरच निघतात. साभार म्हणजे आभार मानले, एवढंच. ज्याचे मानले त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायला कायद्यात मोकळीक आहे, पण अख्खी कविता उचलून पुस्तकात घालणं त्यात बसवणं कठीण.

लेखनावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, किती वर्षं टिकतो याबद्दल तर सगळी ऐकीव माहिती. ‘लेखक वारला की हक्क संपला’ हे मला दोन शिक्षकांनीच ऐकवलं. लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची असतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं झालं. आचार्य अत्रे 1969 चे, म्हणजे 2029 संपेपर्यंत विचारायलाच हवं. फोटोंची गंमत वेगळी. स्टुडिओत पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे मोजणाऱ्याचा. दैनिकातल्या नोकरदार छायाचित्रकाराच्या फोटोचा हक्क, करारात काही वेगळं नसेल तर, वर्तमानपत्रात छापण्यापुरता मालकाचा आणि पुस्तकासाठी छायाचित्रकाराचा. आता तो करार कोणत्या कपाटात असेल? एका दैनिकाला मी तीन पत्रं घातली. नकार आला असता तरी फोटो काढून टाकून मोकळा झालो असतो.

माणसं मात्र गोड निघाली. साखर पेठेत एका कामगार-कवीच्या सूनबाईंकडे गेलो. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, वर पसरलेली चादर बाजूला केली आणि सासऱ्यांची वही काढून दिली. ‘एवढे कागद कशाला करायलाव? छापा की,’ म्हणाल्या. तरी मी सही घेतली, आणि पुण्यातल्या दिरांचीही मागवली. वारस तिघे असतील तर तिघांनाही विचारलेलं बरं, नाहीतर पुस्तक निघाल्यावर भाऊबंदकी आपल्या दारात येते. सही करताना सूनबाईंनी एकच अट घातली: पूर्वी छापलेल्या कवितेत एक ओळ गाळली गेली होती, ती परत घाला. नुसतं ‘साभार’ टाकून मोकळे झालो असतो तर ती ओळ कायमची गेली असती.

वारस सापडलाच नाही तर इंग्रजी दैनिकात जाहिरात देऊन न्यायालयाकडे परवाना मागायची सोय कायद्यात आहे. पण 500 प्रतींच्या पुस्तकाला ते म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पुस्तकात ‘सर्व हक्क राखून’ असं ठसठशीत छापणाऱ्यांनी ते हक्क कुणाकडे मागायचे, हेही तिथेच छापावं. लेखक गेल्यावर नव्या आवृत्तीत वारसाचा पत्ता घालावा. आणि आपल्या दैनिकाने परवानगीसाठी एक पत्ता, एक ईमेल रोज अंकात द्यावा. चार ओळींचीच जागा लागेल.

एका कवितेचा कवी अजून सापडलेला नाही. गिरणीच्या भोंग्यावरची ती कविता 1974 च्या एका दिवाळी अंकात आली होती, अंक कधीच बंद पडला. कवीचं नाव आणि पहिल्या दोन ओळी सोबतच्या कागदावर दिल्या आहेत. चौकटीत छापाल का? पान 87 तोवर कोरं ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जुळे सोलापूर