ईव्हने काय पाहिले

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तब्येतीच्या आणि औषधांच्या चौकशीतच सगळा वेळ निघून जातो, म्हणून हे पत्र. 'ईव्ह्ज बायू' हा चित्रपट तुम्ही दोघांनी एकत्र बसून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तो 1997 चा आहे. केसी लेमन्स या लेखिका-दिग्दर्शिकेचा तो पहिलाच चित्रपट आणि कथाही तिचीच. 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची निवड झाली.

कथा घडते 1962 च्या उन्हाळ्यात, लुइझियानात. बायू म्हणजे दलदलीतून अगदी संथ वाहणारे पाणी. दोन्ही अंगांना सायप्रसची झाडे आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे करडे शेवाळ. ईव्ह नावाच्या एका गुलाम स्त्रीने पूर्वी कधी आपल्या मालकाला पटकीतून वाचवले, त्याने तिला मुक्त करून ही जमीन दिली आणि बातिस्त घराणे तिथून वाढले. तिचेच नाव असलेली दहा वर्षांची मुलगी आपल्याला ही गोष्ट सांगते. ज्या उन्हाळ्यात मी वडिलांना मारले तेव्हा मी दहा वर्षांची होते, असे ती मोठेपणी, चित्रपटाच्या सुरुवातीलाच सांगून टाकते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत 'सदर्न गॉथिक' म्हणतात त्या धाटणीचे सारे काही इथे आहे: प्रतिष्ठित घर, दमट उकाडा, दडपलेली पापे, भविष्य सांगणाऱ्या बायका. परंतु भीती वाटते ती भुताखेतांची नव्हे, तर घरातल्या माणसांची. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. वर्णभेदाच्या त्या काळातही गोऱ्यांचा अन्याय पडद्यावर आणलेला नाही. या कृष्णवर्णीय कुटुंबाला त्याच्या स्वतःच्या सुखदुःखांसाठी पूर्ण जागा मिळते.

वडील लुई गावातले नावाजलेले डॉक्टर. घरच्या मेजवानीत ते थोरल्या सिसलीबरोबर नाचतात, म्हणून धाकटी ईव्ह रुसून बग्गीखान्यात जाते आणि तिथेच झोपी जाते. जाग येते तेव्हा वडील एका परिचिताच्या पत्नीबरोबर असतात, आणि ते दृश्य कळण्याइतके तिचे वय नसले तरी त्यात काहीतरी वावगे आहे, एवढे तिला निश्चित कळते. रात्री ती ताईला सांगते. ताई तिला समजावते की, तसे काही नव्हतेच, ती बाई हसता हसता तोल जाऊन बाबांच्या अंगावर पडली असेल. वडिलांवरच्या प्रेमापोटी एक मुलगी दुसरीच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट बदलू पाहते. मला हा सबंध चित्रपटातला सर्वांत हृदयद्रावक प्रसंग वाटतो.

आत्या मोझेलला भविष्य दिसते, पण स्वतःच्या तीन नवऱ्यांचे मरण तिला आधी दिसले नाही. त्यांपैकी एकाचा मृत्यू ती ईव्हला आरशासमोर उभी राहून सांगते; सांगता सांगता आरशात तो नवरा आणि त्याच्यावर गोळी झाडणारा तिचा प्रियकर दिसू लागतात आणि आत्या त्या भूतकाळात पाऊल टाकते. दृश्य कुठेही तोडलेले नाही, धूर नाही. लहान मूल मोठ्यांची गोष्ट ऐकते तेव्हा ती त्याला अशीच समोर घडताना दिसते.

पुढे सिसली वडिलांविषयी एका रात्रीची भयंकर गोष्ट ईव्हला सांगते, आणि ईव्ह त्यांचा केस घेऊन जादूटोणा करणाऱ्या बाईकडे जाते. वडील मारले जातात ते एका मत्सरी नवऱ्याच्या गोळीने. पण त्याच्या मनात संशय पेरणारे शब्दही ईव्हचेच. नंतर आत्याला लिहिलेले वडिलांचे पत्र सापडते, त्यात त्या रात्रीची हकीकत अगदी निराळी आहे. ईव्ह ताईचे हात हातात घेऊन खरे काय ते विचारते, आणि ताईला ते आता स्वतःलाच सांगता येत नाही. दिग्दर्शिका कोणाच्याही बाजूने निकाल देत नाही, आणि तरीही मुलींचे दुःख खोटे ठरवत नाही.

हे तुम्हालाच का लिहिते, ते सांगते. गणपतीच्या जेवणात काका भरल्या ताटावरून उठून गेले, ते मला अजून दिसते: वरणभातावर नुकतीच पडलेली तुपाची धार आणि पाटाशेजारी कलंडलेले फुलपात्र. आवाज आधी बाबांनी चढवला असे ताई सांगते. माझ्या आठवणीत बाबा शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. आम्हाला लगेच माडीवर पाठवले गेले आणि वाटणीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आमच्या भल्यासाठीच तुम्ही गप्प राहिलात, हे मी जाणते. परंतु न सांगितलेल्या गोष्टीची आम्ही दोघींनी आपापली जुळणी केली, आणि आजही त्यावरून आमच्यात अबोला होतो. बाबा, तुमच्याकडून तो प्रसंग ऐकायला मला आवडेल. जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच सांगा.

ताई शनिवारी येईल तेव्हा ती चित्रपट लावून देईल. आई, तू ईव्हच्या आईकडे, रॉझकडे, विशेष लक्ष दे. भविष्यवाणीला घाबरून ती मुलांना घरात कोंडून ठेवते, आणि नवऱ्याच्या वागण्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. तिला किती ठाऊक असावे, असे तुला वाटते? रविवारी फोन करीन, तेव्हा मला सांग.

तुमची,
धाकटी