बॅलार्ड पिअरवर कोल्हापूरचा कारागीर बसावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. अलीकडेच तेथून सहकुटुंब समुद्रप्रवासाला निघण्याचा योग आला. सुमारे चार लाख पंधरा हजार चौरस फुटांची ही वास्तू, तपासणीसाठी 72 खिडक्या, एकाच वेळी पाच जहाजे लावता येतील अशी सोय आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, हे सारे अभिमान वाटावा असेच आहे. केबिनचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधून दारातच बॅग सोपवायची आणि ती संध्याकाळी थेट आपल्या केबिनच्या दाराशी सापडायची, ही पद्धत तर एसटीच्या टपावर सामान चढवण्यात हयात गेलेल्या आमच्या पिढीला फारच सुखाची वाटली. मात्र हे पत्र लिहिण्याचे कारण निराळे आहे.

या इमारतीचे तळमजला आणि पहिला मजला प्रवाशांसाठी असून वरचे दोन मजले दुकाने व अन्य व्यापारी वापरासाठी राखलेले आहेत. त्यांतील एक लहानसा गाळा कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांना मिळावा, अशी माझी सूचना आहे. परदेशी जहाज मुंबईत थांबते ते एखाद-दोन दिवस. तेवढ्यात प्रवासी गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि फार तर घारापुरी पाहून परततात. पावणेचारशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरात त्यांनी यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते येथे येऊ शकत नाहीत, तर येथल्या सुभाषनगरच्या चपला शिवणाऱ्या कारागिराने धक्क्यावर जावे.

तेथे नुसते काचेचे कपाट मांडून भागणार नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे रापीने कापणे, आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने तळ शिवणे, वेणी गुंफणे ही कामे खिळा न वापरता कशी होतात, हे गिऱ्हाइकाने समोर पाहिले पाहिजे. रबरी तळाची, नकली कातड्याची ‘कोल्हापुरी’ पदपथावर सर्रास विकली जात असताना, खऱ्या पायताणाला एवढा दाम का पडतो हे दुसऱ्या कोणत्या रीतीने पटवून देणार? 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मांडल्या तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता आणि ओरड झाल्यावरच प्रेरणास्थान मान्य केले गेले. मानांकनाचे प्रमाणपत्र आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चाललेले काम यांत हाच फरक आहे.

हंगामाचा मेळही आपोआप बसतो. पावसाळ्यात क्रूझ जहाजे फारशी येत नाहीत आणि कातडी वाळत नसल्याने कमावण्याचे कामही तेव्हा मंदावते. (कोल्हापुरी घालून चिखलात उतरणारा महाभाग आमच्या गावात तरी सापडणार नाही!)

अडचण भाड्याची आहे. अशा इमारतीतला गाळा बाजारभावाने घेणे कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारातल्या चांगल्या व्यापाऱ्यालाही झेपणार नाही, मग घरात बसून शिवणाऱ्या कुटुंबाचे नावच नको. रेल्वेने 2022 पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेत स्थानिक उत्पादकांना फलाटावर नाममात्र शुल्कात जागा दिली आहे. तीच पद्धत बंदरात लागू करावी, गाळा राज्य सरकारच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या नावे घ्यावा आणि कारागिरांना आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस पाठवून त्यांच्या राहण्याचा खर्च महामंडळाने उचलावा. गाळा एखाद्या दलालाच्या हाती गेला, तर तो न घेतलेलाच बरा. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी बंदर प्राधिकरणाकडे हा विषय आताच न्यावा, कारण वरच्या मजल्यांवरील जागा मोठ्या दुकानांना एकदा दिल्या गेल्या की पुढे कितीही अर्ज केले तरी उपयोग होणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर