तो घोडा माथेफिरू नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरातीत उधळलेल्या घोड्याची बातमी आपल्या अंकात 'माथेफिरू घोडा' या मथळ्याखाली वाचली. वरात आमच्या शेजारच्या गावची. नवरदेवाचा हात मोडला, वाईटच झालं. पण दुसऱ्या दिवशी मी तो घोडा पाहून आलो. उंच, लांब पायांचा, पातळ कातडीचा. रेसमधून निघालेला. मी २२ वर्षं रेसच्या घोड्यांचा सईस, म्हणजे घोडे सांभाळणारा, होतो, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स आणि पावसाळ्यात पुण्याचं, म्हणून लिहितो.

त्यानं शिकवलेलंच केलं. रेसचा जॉकी रिकिबीत पाय देऊन चढत नाही. सईस त्याची पोटरी धरून वर उचलतो, घोडा तेव्हा चालतच असतो. पाठीवर वजन आलं की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक. जॉकी ५०-५५ किलोचा, तोही पळताना पाठीवर टेकत नाही. इथं ८० किलोचा नवरदेव, पुढ्यात भाचा, मागे डीजे! घाबरून घोडेवाल्यानं लगाम ओढला. कासरा ओढला की बैल थांबतो. रेसचा घोडा ताणलेल्या लगामावर भार टाकून आणखी जोर करतो.

त्यातही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझ्याकडं एक घोडी होती, शेजारी बकरी नसली तर चाऱ्याला तोंड लावायची नाही, दाराशी या पायावरून त्या पायावर डुलत राहायची. एक काळा घोडा गवताची जाळी काढली की आज रेस आहे हे ओळखायचा आणि जागेवरच घामानं भिजायचा. आणि एक तर असा चावरा, की माझ्या खांद्यावर अजून त्याचे दात आहेत. रेसमधून निघाल्यावर तो एका रायडिंग स्कूलला गेला. ओटचा खुराक बंद झाला, दिवसभर मोकळा चरायला मिळालं. सहा महिन्यांनी पाहतो तर शाळकरी पोरं त्याचे खूर साफ करत होती.

रेसच्या घोड्याला दुसऱ्या वर्षी खोगीर, पाच-सहाव्या वर्षी मैदान बंद. घोडा जगतो २५ वर्षं. आपल्याकडं शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी घेताना बैल मारका आहे का, बुजरा आहे का, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला दहा गोष्टी विचारतात. घोडा मात्र रंग आणि उंची पाहून घेतात. विकणाऱ्यानं त्याच्या खोडी सांगाव्या, घेणाऱ्यानं निदान सहा महिने त्याला वावरात मोकळा ठेवावा, मग वरातीचं पाहावं. काही घोडे तरीही वाजंत्रीला तयार होणार नाहीत. त्यांना नेऊच नये.

"लय खट आहे जी, हात नका लावू," घोडेवाला म्हणाला. घोडा बाभळीला आखूड बांधलेला होता. मी डाव्या अंगानं गेलो, रेसचे घोडे त्याच बाजूनं हाताळलेले असतात. त्यानं कान फिरवले आणि मी नुसता गुडघ्याखाली हात नेला, तर नाल दाखवायला आपणहून पाय उचलून दिला.

आपला,
एक निवृत्त सईस
ता. आर्वी, जि. वर्धा