लेकरांना बातमी पण नीट वाढा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी लातूरात मेस चालवते, ट्युशन एरियाच्या मागच्या गल्लीत, सतरा वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, मोबाईलवर बोलून बोलून टाईप करायलेय, तर चुकलंमाकलं दुरुस्त करून घ्या. विषय लेकरांचा आहे. नीट-जेईईचा नाही, त्याचं तुम्ही रोजच छापता, टॉपरच्या फोटोच्या जाहिराती उलटून उलटून बातमी हुडकावी लागते कधी कधी (हे वाक्य कापलं तरी चालेल).

२०२५ च्या मे महिन्याचं सांगते. ४ तारखेला नीट झाली आणि ७ ला ऑपरेशन सिंदूर. निम्मी लेकरं गावाकडं गेली होती, राहिलेली रात्री जेवायला आली तर एकानं मान वर करू नये, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, हातात भाकरी आणि डोळे मिसाईलवर. परभणीकडचा एक पोरगा आहे, एरवी चार भाकरी खातो, तो अर्धीवर उठला. म्हणला काकू, इकडं पडायला किती मिनिटं लागतील? मी म्हणलं कढी घे. दुसरं काय म्हणणार, मला तरी काय माहिती. रात्री अकराला तोच दारात उभा, रडवेला, घरी फोन लागेना म्हणून. गावात लाईट नव्हती, बापाचा मोबाईल बंद पडलेला, रोजचंच आहे ते, पण याच्या डोक्यात भलतंच. नंतर कळलं की तो जी क्लिप बघत होता ती चक्क व्हिडिओ गेमची होती. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं पण तेव्हा अशा गेमच्या क्लिपा खोट्या आहेत म्हणून सांगितलं होतं, पण खुलासा बघतंय कोण, त्याला मागं ढॅणढॅण म्युझिक नसतं ना.

पालक म्हणतात मोबाईलच काढून घ्या. करून बघितलं. जेवताना सगळ्यांचे फोन भाकरीच्या दुरडीत ठेवायचे असा नियम केला. तर काय, फोन दुरडीत आणि पोरं एकमेकांच्या कानात, आणि कानातलं तर रीलपेक्षा वाईट असतं, माझा त्यावर अनुभव जुना आहे.

मी मूळची किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला दोन-चार मिनिटं कमी, भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. मी बारा वर्षांची. माळवदाचं घर, दगडमातीच्या जाड भिंती, आम्ही भावंडं अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो, आजी आत होती. सुमारे दहा हजार माणसं गेली त्या दिवशी आमच्या भागात. बाकीचं लिहीत नाही. सांगायचं ते नंतरचं आहे. आम्ही लेकरं जवळ गेलो की मोठी माणसं बोलायची थांबायची, लेकरं घाबरतील म्हणून. मग आम्ही आमचंच ठरवलं, की जमिनीखाली आग लागलीय, दर अमावस्येला परत हलणार, ज्याच्या घरात कोणी मेलं नाही त्याचा आता नंबर. कित्येक महिने मी पत्र्याच्या शेडमधे पण पायात चप्पल घालून झोपायची.

मग शेडमधे शाळा भरली आणि आमच्या गुरुजींनी एक दिवस पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर जमिनीचे थर काढले. भारताची जमीन वर उत्तरेला सरकत तिबेटला रेटा देते, त्याचा ताण पार आपल्या खालच्या खडकात येऊन साठतो, जुनी भेग असली की तिथं मोकळा होतो, असं काहीतरी. सगळं कळलं असं नाही, पण अमावस्येचं भ्या गेलं. आणि त्यांनी मला वही दिली, टँकर आला की कोणाच्या घरात किती माणसं ते लिहून घ्यायचं. त्या वहीत फक्त जिवंत माणसांची नावं होती. मला झोप लागायला लागली ती वहीमुळं असं माझं मत आहे, डॉक्टर लोक काय म्हणतील माहिती नाही.

तर मी आता मेसमधे हात धुवायच्या बेसिनजवळ जगाचा नकाशा लावलाय. बातमी आली की ज्यानं ती सांगितली त्यानं तिथं टिकली लावायची (टिकल्या माझ्याच) आणि आपल्याशी काय संबंध ते सांगायचं. युक्रेनवर पहिली लावली मीच. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथं युद्ध लागलं, आपलं सूर्यफुलाचं तेल जास्त करून युक्रेन-रशियातून येतं, डबा असा चढला की मी रविवारची पुरी बंद केली, तेव्हाची पोरं अजून टोमणे मारतात. दुसरी टिकली पेरू देशाच्या कडेला समुद्रात. एका पोरीनं लावली, मी म्हणलं अगं पाण्यात काय लावतीस, तर तिनं एल निनो समजावला. तिकडचं पाणी तापलं की बऱ्याचदा आपला मान्सून बिघडतो. २०१५ ला तसंच झालं होतं म्हणे. आणि एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा मी ताटं धुवायला पाणी नाही म्हणून पत्रावळीवर जेवण वाढत होते! नऊ वर्षांनी मला कळलं की माझ्या पत्रावळीचा धागा कुठं जातो. मी विचारलं हे शिकवतात का गं तुम्हाला, तर म्हणली बायोलॉजीत पर्यावरणाच्या प्रश्नांचा एक धडा होता, तो पुस्तकातून काढला आणि नीटच्या सिलॅबसमधून पण. एका क्लासवाल्या सरांना मी म्हणलं आठवड्यातून अर्धा तास पोरांशी बातम्यांवर बोला, त्यांचं उत्तर आलं काकू, मार्काला नाही ते.

सप्टेंबर २०२५ चा पूर मात्र टिकलीत मावला नाही. परंड्याकडचा एक पोरगा, सीनेच्या पाण्यात गाव गेलेलं, त्यानं स्वतःचं गाव रीलवर बघितलं, खाली दर्दभरं गाणं. म्हशी गेल्या, जमीन खरडून गेली, आणि बाप फोनवर म्हणतो काही झालं नाही, तू अभ्यास कर. पोराला दिसतंय ना सगळं! त्याला उगं धीर दे-बीर दे केलं नाही मी. पोरांनी किट भरायला घेतले होते, तांदूळ, काडेपेटी, मेणबत्ती, चादर, त्याची यादी करायची वही त्याच्याकडं दिली. त्या रात्री जेवला तो.

सगळंच वहीनं भागत नाही हे पण सांगते. एक लेकरू तीन रात्री झोपलं नाही, छातीत धडधड, जगून काय करायचं म्हणायला लागलं, तेव्हा मी नकाशाबिकाशा दाखवत बसले नाही. तिला जवळ बसवून १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस म्हणून सरकारचं आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी आईबापाला बोलवून घेतलं आणि डॉक्टरकडं नेलं. हा नंबर टॉपरच्या फोटोखाली छापायला काय हरकत आहे, जागा तर असते.

आता तुमच्याकडं मागणं. ‘जग हादरलं’, ‘महाविनाशाच्या उंबरठ्यावर’ असली हेडिंगं पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि खालची बातमी वाचत नाहीत, तर आठवड्याला एक अर्ध पान लेकरांसाठी द्या. एकच बातमी घ्या, शेजारी नकाशा, का झालं, आधी कधी झालं होतं, तेव्हा लोक त्यातून कसे निघाले, आणि आपल्या लातूर-नांदेड-बीडच्या माणसाच्या खिशाला, शेताला त्याचं काय. बहात्तरचा दुष्काळ बघितलेली म्हातारी माणसं अजून आहेत गावोगाव, त्यांना विचारा, सुकडीची चव सुद्धा सांगतील. सोपं लिहा, पण बाळबोध नको, ही पोरं ऑरगॅनिक केमिस्ट्री करायलेत.

फक्त ते रविवारी देऊ नका. रविवारी त्यांची टेस्ट असते, पेपर तसाच पडून राहतो आणि मी त्यात भाकरी गुंडाळते.

आपली,
एक मेसवाली काकू, लातूर
(नाव छापू नका, पोरांचे आईबाप वाचतात)