तामालेत जळालेल्या पाकिटांवर पालघरचा ठसा

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

बोईसरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत, पॅकिंगच्या क्वालिटी विभागात, मी 26 वर्षं काढली. औषधाचा कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यंत्रं येतात. मला आठवतात ते कागद. बॅच सुरू करण्याआधी मागच्या बॅचची एकही गोळी बेल्टखाली राहिलेली नाही, याची सही. बॅच संपली की छापील फॉइल किती किलो आली, किती वापरली, किती फाटली, कार्टन किती मोजून घेतले आणि किती परत केले, याचा हिशेब. एकदा 40 कार्टनचा मेळ लागेना, तर आम्ही पाच जणी रात्री साडेदहापर्यंत भंगाराचे ड्रम उपसत बसलो होतो. शेवटी ते सापडले सुपरवायझरच्या खणात, नमुने म्हणून काढून ठेवलेले. शेवटची बस केव्हाच गेली होती.

हे अशासाठी सांगते की, फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने आपल्या पालघर जिल्ह्यातल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतल्या रस्त्यांवर विकल्या जाताना दाखवल्या, तेव्हा 'आम्हाला कल्पना नव्हती' हा सूर कानावर आला आणि मला हसावं की रडावं कळेना.

प्रकरण आपल्याला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही मुंबईची कंपनी, कारखाना पालघर जिल्ह्यात. 'टॅफ्रोडॉल' नावाची गोळी, तिच्यात टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र. पहिलं अफूच्या जातीचं जबर वेदनाशामक. दुसरं स्नायू सैल करणारं, त्याचीही सवय लागते म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2007 मध्येच ते बाजारातून काढायला सांगितलं. दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावतो, झटके येतात, जीवही जातो. असं मिश्रण जगात कुठेही मंजूर नाही. ते घाना, नायजेरिया, कोत दिव्हुआरच्या गल्ल्यांत पोचलं. घानातल्या तामाले शहरात पोरं त्यापायी वाया जाताना पाहून तिथल्या एका स्थानिक प्रमुखाने नागरिकांचं पथक उभं केलं, त्यांनी विकणाऱ्यांना पकडलं आणि पाकिटं उघड्यावर जाळली. पाकिटांवर कंपनीचा ठसा होता. कंपनीचा संचालक छुप्या कॅमेऱ्यासमोर कबूल करतो की हे आरोग्याला फार घातक आहे, आणि लगेच म्हणतो की आजकाल हाच धंदा आहे.

बातमीनंतर दोनेक दिवसांत केंद्राच्या आणि आपल्या अधिकाऱ्यांनी कारखान्यावर धाड घातली. सुमारे 1 कोटी 30 लाख गोळ्या-कॅप्सूल आणि कच्च्या मालाच्या 26 बॅच ताब्यात घेतल्या, उत्पादन थांबवलं. केंद्रीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाची निर्मिती आणि निर्यात देशभर बंद केली. मुंबईच्या विमानतळावर घानाला निघालेला मालही अडवला. या तत्परतेबद्दल मनापासून आभार.

पण साहेब, 1 कोटी 30 लाख गोळ्या दोन दिवसांत तयार होत नाहीत. त्या बॅच रेकॉर्डमध्ये होत्या, स्टॉक रजिस्टरमध्ये होत्या, शिपिंग बिलावर होत्या. देशात विकायला मंजुरी नसलेलं मिश्रण निर्यातीसाठी बनवायला मात्र परवानगी मिळत होती, आणि त्या प्रत्येक कागदावर कुणाची तरी सही होती. 2018 मध्ये सरकारने ट्रामाडॉल हे अशाच जातीचं वेदनाशामक एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आणलं, कारण तेही असंच आफ्रिकेत चाललं होतं. ती वाट अडली तशी टॅपेंटाडॉलची रुंदावली. औषधाचा धंदा कळणाऱ्या कुणालाही हे दिसलं असतं.

मुंबईला हे नवं नाही म्हणा. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जायची आणि त्या पैशातून शहरात इस्पितळंही उभी राहिली. अशा पैशाचा हातभार लागलेल्या जे.जे. रुग्णालयाच्या रांगेत उभं राहताना मला दर वेळी हे आठवतं.

माझा धाकटा भाऊ जबड्याच्या कॅन्सरने गेला. शेवटच्या तीन महिन्यांत मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी मी फाइल घेऊन परळला जायचे. गावाकडचे औषध दुकानदार मॉर्फिनचं नाव काढलं तरी हात वर करायचे. परळला काउंटरवर रजिस्टर उघडायचं, रुग्णाचं नाव, गोळ्या किती, माझी सही. मला त्याचा राग नव्हता, अशा औषधाला पहारा हवाच. पण भावाच्या वीस गोळ्यांवर जेवढे डोळे होते, तेवढे त्या कंटेनरवर का नव्हते?

अमेरिकेचं उदाहरण देते, कारण तिथे सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. पर्ड्यू फार्मा या कंपनीने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी आणली आणि तिची सवय फारशी लागत नाही असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. 2007 मध्ये गुन्हा कबूल केला, 60 कोटी डॉलरहून जास्त भरले आणि विक्री चालूच ठेवली. वेस्ट व्हर्जिनियात केरमिट नावाचं जेमतेम चारशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या तशाच वेदनाशामकाच्या सुमारे 90 लाख गोळ्या गेल्या. हे चोरून झालं नाही. घाऊक पुरवठादारांकडून निघालेल्या अशा मालाची नोंद सरकारी यंत्रणेत होत होती. वर्तमानपत्रं कोर्टात गेली तेव्हा, 2019 मध्ये, ती लोकांना बघायला मिळाली. 2006 ते 2012 या सात वर्षांत सगळ्या अमेरिकेत मिळून अशा 7600 कोटी गोळ्या. तोवर गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती.

म्हणून माझं मागणं धाडींचं नाही. नशा आणणाऱ्या प्रत्येक वेदनाशामकाचा निर्यात परवाना, माल किती, कुठल्या देशात आणि कुणाला, हे आपल्या खात्याने दर महिन्याला वेबसाइटवर टाकावं. निर्यातीचा विषय केंद्राचा, असं उत्तर येईल हे जाणून आहे. पण कारखान्याचा परवाना आपला आहे, आत जाणारा औषध निरीक्षक आपला आहे. त्याने फक्त लायसन्स भिंतीवर टांगलंय का एवढं न बघता हा माल जातो त्या देशात हे औषध चालतं का, एवढं विचारावं. आणि पॅकिंगच्या बायकांना विचारावं. कंत्राटावर, रोजावर असतात त्या, पण कुठला माल रात्रपाळीतच निघतो, कुठल्या कार्टनवरचा पत्ता तीनदा बदलला, हे त्यांना आधी कळतं. बोलल्या तर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात. त्यांची नोकरी जाणार नाही अशी सोय करा, निम्मी माहिती आपोआप येईल.

एक शेवटचं. ताब्यात घेतलेल्या त्या 1 कोटी 30 लाख गोळ्या कुठल्या गोदामात आहेत, की नष्ट केल्या? केल्या असतील तर कुणासमोर आणि मोजून किती? पंचनाम्याची प्रत मिळाली तर बरं होईल. आम्हाला 40 कार्टनसाठी बस सोडावी लागली होती.

आपली,
बोईसरची एक निवृत्त कर्मचारी